विकत घेतलेला लाइट शो आपल्या गॅलरीत बसवताना

नाताळाच्या गाण्यावर पिक्सेल दिव्यांची (ज्यांतील प्रत्येक दिव्याचा रंग स्वतंत्रपणे बदलता येतो) हालचाल स्वतः बसवायची म्हटली, तर तीन मिनिटांच्या गाण्याला कित्येक संध्याकाळी द्याव्या लागतात, आणि चर्चची तयारी, फराळ-केक, कॅरोलच्या फेऱ्या यांतून डिसेंबरमध्ये तेवढा वेळ सहसा कोणाच्याच हाती नसतो. अशा वेळी तयार सीक्वेन्स, म्हणजे कोणता दिवा केव्हा कसा उजळायचा याची गाण्यावर बसवलेली फाइल, विकत घेणे हा अगदी रास्त मार्ग आहे. अडचण येते ती नंतर. विक्रीला असलेले सीक्वेन्स बहुतांशी अमेरिकेतील बैठ्या घरांना समोर ठेवून रचलेले असतात: पुढे हिरवळ, हिरवळीवर आठ कमानी, मधोमध दिव्यांच्या माळांचे उंच झाड म्हणजे मेगा ट्री, छपराच्या कडेने दिव्यांच्या ओळी, गॅरेजच्या दारावर दिव्यांची चौकोनी जाळी म्हणजे मॅट्रिक्स. आपल्याकडे पुण्यात वानवडीत किंवा वडगाव शेरीत दुसऱ्या मजल्यावरची गॅलरी, तिचा कठडा, दोन खिडक्या आणि छताला टांगलेला तारा एवढाच ऐवज असतो. त्या मोठ्या अंगणाचा शो या गॅलरीत कसा बसवावा, हे येथे सविस्तर सांगितले आहे. यात खरा कस लागतो तो आपल्या कोणत्या वस्तूने मूळ शोमधील कोणाचे काम करायचे हे ठरवताना; त्यामानाने तांत्रिक पायऱ्या सोप्या आहेत.

पुढील सर्व वर्णन एक्सलाइट्स या विनामूल्य आणि मुक्त स्रोत सॉफ्टवेअरला धरून आहे. ते विंडोज, मॅक आणि लिनक्स या तिन्हींवर चालते, आणि पिक्सेल दिव्यांचे तयार सीक्वेन्स मोठ्या प्रमाणात याच स्वरूपात मिळतात. एक गोष्ट आधीच स्पष्ट केलेली बरी. गणपतीच्या सजावटीसाठी बाजारात एसडी कार्डावर चालणारे जे स्वस्त कंट्रोलर (दिव्यांना आज्ञा देणारी उपकरणे) मिळतात, त्यांचे स्वतःचे वेगळे सॉफ्टवेअर असते. एक्सलाइट्समधून निघणारी फाइल त्यांवर थेट चालत नाही. गणेशोत्सवातील पिक्सेलच्या माळा घरात पडून असतील तर त्या जरूर वापराव्यात, कंट्रोलर मात्र निराळा घ्यावा लागेल.

पैसे देण्यापूर्वी

विक्रेत्याने दाखवलेला नमुना व्हिडिओ निदान तीनदा पाहावा, आणि प्रत्येक वेळी वेगळ्या गोष्टीकडे लक्ष द्यावे. पहिल्यांदा फक्त ठेक्याकडे: ढोलाचा ठोका कोणत्या वस्तूवर पडतो? दुसऱ्यांदा गायकाच्या आवाजाकडे: शब्द सुरू झाले की काय उजळते? तिसऱ्यांदा एकूण चित्राकडे: सगळे घर एकदम रंगवणाऱ्या लाटा किती, आणि सुट्या वस्तूंवरची बारीक कलाकुसर किती? ज्या सीक्वेन्समध्ये घरभर फिरणाऱ्या लाटा अधिक आहेत तो लहान गॅलरीत सहज बसतो. ज्याचा सगळा भर गाणाऱ्या चेहऱ्यांवर (गाण्याबरोबर ओठ हलवणाऱ्या दिव्यांच्या आकृत्यांवर) आणि मॅट्रिक्सवर उमटणाऱ्या अक्षरांवर आहे, तो आपल्याकडे चेहरे आणि मॅट्रिक्स नसतील तर कितीही देखणा असला तरी घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. उरलेल्या वस्तूंवर त्या सीक्वेन्सचे फारच थोडे काम असते, आणि पैसे देऊन अर्धा वेळ अंधारच पदरी पडतो.

गाणे सहसा सीक्वेन्ससोबत मिळत नाही. त्याचे हक्क वेगळ्यांकडे असतात, म्हणून ते स्वतंत्रपणे विकत घ्यावे लागते, आणि विक्रेत्याने सांगितलेलीच आवृत्ती घ्यावी लागते. एकाच गायकाच्या एकाच गाण्याची अल्बममधील आवृत्ती, रेडिओसाठी कापलेली आवृत्ती आणि नव्याने ध्वनिमुद्रित केलेली आवृत्ती या तिन्हींची लांबी निराळी असू शकते. तसेच बहुतेक विक्रेते सीक्वेन्स एका ग्राहकाच्या एका प्रदर्शनासाठी देतात. तो मित्रमंडळींत वाटण्यापूर्वी त्याच्या अटी वाचाव्यात.

आधी आपले घर, मग त्यांचे

सीक्वेन्स उघडण्याआधी आपल्या घराचा आराखडा एक्सलाइट्समध्ये पूर्ण झालेला हवा. दिवसाउजेडी रस्त्याच्या पलीकडून, म्हणजे जिथे लोक उभे राहून शो पाहणार तिथून, गॅलरीचे छायाचित्र काढावे, ते लेआउटच्या, म्हणजे या आराखड्याच्या, पार्श्वभूमीला लावावे आणि त्यावर प्रत्येक वस्तूचे मॉडेल, म्हणजे तिची संगणकातील आकृती, प्रत्यक्षातल्या जागी ठेवावे. माळेचा पहिला दिवा कोणत्या टोकाला आहे आणि माळ कोणत्या दिशेने जाते, हे मॉडेलमध्ये तंतोतंत तसेच असले पाहिजे. नाहीतर संगणकावर डावीकडून उजवीकडे जाणारा उजेड गॅलरीत उलटा जातो.

पुढील विवेचनासाठी एक मांडणी उदाहरणादाखल घेऊ. छताला टांगलेला पाच टोकांचा तारा आहे. त्यात एकात एक तीन रेघा असून बाहेरून आत ७५, ५० आणि २५ असे १५० पिक्सेल आहेत. कठड्यावर कंड्यूट पाइपला बांधलेली ९६ पिक्सेलची सरळ ओळ आहे. दोन खिडक्यांच्या चौकटींना प्रत्येकी १०० पिक्सेल आहेत. गॅलरीच्या कोपऱ्यात भिंतीला चिकटलेले सपाट झाड आहे, ज्याच्या ८ माळांत प्रत्येकी २५, म्हणजे २०० पिक्सेल आहेत. एकूण बेरीज ६४६ होते. प्रत्येक पिक्सेलला तीन रंगांचे तीन चॅनेल लागतात, म्हणून चॅनेल १९३८. कंट्रोलरला नेटवर्कवरून माहिती पाठवण्याच्या ई १.३१ या पद्धतीत एका युनिव्हर्समध्ये, म्हणजे चॅनेलच्या एका गठ्ठ्यात, ५१२ चॅनेल असतात, परंतु १७० पिक्सेल पूर्ण बसावेत म्हणून त्यांपैकी ५१० वापरण्याचा प्रघात आहे. या हिशेबाने चार युनिव्हर्स पुरतात. कंट्रोलर डीडीपी ही दुसरी पद्धत समजत असेल तर युनिव्हर्सचा हा हिशेब करावाच लागत नाही.

आता विक्रेत्याची झिप फाइल एका वेगळ्या फोल्डरमध्ये उलगडावी. आपल्या शो फोल्डरमध्ये (जिथे एक्सलाइट्स आपला आराखडा साठवते) ती कधीही उलगडू नये, कारण तिच्यात त्यांच्या लेआउटची फाइल असेल तर आपल्या त्याच नावाच्या फाइलवर ती लिहिली जाऊन आपला सगळा आराखडा नाहीसा होऊ शकतो. उलगडलेले फोल्डर तात्पुरते शो फोल्डर म्हणून निवडावे आणि मूळ सीक्वेन्स मूळ घरावर चालवून पाहावा. ही पायरी पुष्कळ जण गाळतात. पण मूळ रचनाकाराने काय योजले होते हे डोळ्यांनी पाहिल्याशिवाय त्यातले काय राखायचे आणि काय सोडायचे हे ठरवता येत नाही. पाहता पाहता कागदावर टिपण करावे: ठेका कमानींवर, शब्द चेहऱ्यांवर, ध्रुपदाला मेगा ट्री, कडव्यांच्या मधल्या वाद्यसंगीताला स्पिनर (दिव्यांचे नक्षीदार चक्र), शेवटी सगळे घर. मॅपिंगच्या, म्हणजे त्यांची मॉडेल आपल्या मॉडेलना जोडण्याच्या, वेळी हे टिपण जवळ असावे.

मग आपल्या शो फोल्डरमध्ये परत येऊन, विकत घेतलेले गाणे लावून नवा सीक्वेन्स सुरू करावा. त्याचा फ्रेमचा काळ मूळ सीक्वेन्सइतकाच ठेवावा. तो साधारणपणे २५ किंवा ५० मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाला ४० किंवा २० चित्रे, असा असतो. एमपी३ फाइल बदलत्या बिटरेटची असेल तर ती आधी स्थिर बिटरेटमध्ये बदलून घेतलेली बरी.

नाव पाहून जोडू नये, काम पाहून जोडावे

आयात करण्याची खिडकी उघडली की एका बाजूला आपल्या मॉडेलची यादी दिसते आणि दुसऱ्या बाजूला त्यांच्या मॉडेलची. त्यांचे मॉडेल उचलून आपल्या मॉडेलसमोर सोडायचे, एवढीच ती क्रिया आहे. त्यांचे एक मॉडेल आपल्या कितीही मॉडेलना देता येते, मात्र आपल्या एका मॉडेलला त्यांचे एकच घेता येते. आपोआप जुळवणारे बटणही तिथे आहे, परंतु ते नावांवर चालते, आणि आपल्यासारख्या लहान मांडणीत नावावरून जुळवणी केली की हमखास निराशा होते.

ताऱ्याचेच पाहावे. त्यांच्या लेआउटमध्येही तारा असतो, पण तो मेगा ट्रीच्या शेंड्यावरचा लहानसा तारा असतो, आणि पूर्ण गाण्यात तो बहुधा ध्रुपदाला आणि शेवटी तेवढा चमकतो. आपल्याकडे मात्र तारा हीच घरावरची मुख्य वस्तू. रस्त्यावरून येणाऱ्याची नजर आधी त्यावर जाते, आणि नाताळात मराठी ख्रिस्ती घरावर आणखी काही असो वा नसो, तारा असतोच. तारा समोर तारा जोडला, तर घरातील सर्वांत मोठी आणि सर्वांत अर्थपूर्ण वस्तू गाणे चालू असताना बहुतेक वेळ काळोखात राहील. म्हणून आपल्या ताऱ्याला त्यांच्या स्पिनरचे काम द्यावे. स्पिनर हा त्यांच्याकडचा नक्षीदार चक्रासारखा प्रॉप, म्हणजे सजावटीची वस्तू, असून त्याच्या वर्तुळांवर आणि आऱ्यांवर सबमॉडेलच्या, म्हणजे मॉडेलच्या स्वतंत्र भागांच्या, रूपाने भरपूर बारीक काम केलेले असते. आपल्या ताऱ्याचे तीन रेघांचे तीन सबमॉडेल आणि पाच टोकांचे पाच सबमॉडेल करावेत. एकच पिक्सेल दोन सबमॉडेलमध्ये असला तरी चालते. बाहेरचे वर्तुळ बाहेरच्या रेघेला, आतले आतल्या रेघेला, आणि आऱ्यांपैकी पाच आपल्या टोकांना द्यावेत. वर्तुळातून वर्तुळात पसरत जाणारी लाट मग ताऱ्याच्या केंद्रातून टोकांकडे पसरताना दिसते, आणि ती हालचाल ताऱ्यासाठीच रचलेली असावी इतकी शोभून दिसते.

कठड्याचा प्रश्न याहून नाजूक आहे. त्यांच्या आठ कमानींवर ठेका बहुधा असा बसवलेला असतो की पहिल्या ठोक्याला पहिली कमान उजळते, दुसऱ्याला दुसरी, आणि आठ ठोक्यांत उजेड हिरवळीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकाला पोहोचतो. आपला कठडा म्हणजे एक सलग मॉडेल. त्याला त्यांची पहिली कमान जोडली, तर कठडा आठांतून एकदाच उजळेल आणि सात ठोके गप्प राहील. कठड्याचे तीन भाग करून त्यांना पहिल्या तीन कमानी जोडल्या, तरी तीन ठोक्यांनंतर पाच ठोक्यांचा खड्डा पडतो, आणि ऐकणाऱ्याला ठेका चालू असताना पाहणाऱ्याला तो थांबलेला दिसतो. यावर उपाय असा की ९६ पिक्सेलच्या ओळीचे १२-१२ पिक्सेलचे आठ सबमॉडेल करावेत आणि त्यांना आठही कमानी क्रमाने द्याव्यात. बारा पिक्सेलचा तुकडा कमानीपेक्षा कितीतरी लहान असला तरी कमानीवरून धावणारा उजेड तेवढ्यातही स्पष्ट दिसतो, कारण त्या परिणामांची (इफेक्टची) लांबी मॉडेलच्या प्रमाणात आखली जाते. ओळीची लांबी ठरवतानाच ती आठांनी भागली जाईल अशी ठेवण्याचा आग्रह मी यासाठीच धरतो. शंभराची ओळ बांधून नंतर साडेबाराचा हिशेब करत बसण्यापेक्षा शेवटचे चार पिक्सेल कापून टाकावेत.

सपाट झाडाला मेगा ट्रीचे काम निःशंकपणे द्यावे. सर्पिल फिरणाऱ्या पट्ट्या, फिरकी, माळा यांसारखे परिणाम मॉडेलच्या आकाराप्रमाणे स्वतःला बसवून घेतात, त्यामुळे १६ माळांवर आखलेले काम ८ माळांवरही ओळखू येते. दोन्ही खिडक्यांना त्यांच्या खिडक्या किंवा छपराच्या कडा, यांपैकी ज्यावर काम अधिक असेल त्या द्याव्यात.

यानंतर गट. विक्रेत्याच्या लेआउटमध्ये सर्व कमानींचा एक गट, सर्व खिडक्यांचा एक, आणि पूर्ण घराचा एक, असे गट असतात, आणि गाण्यातले मोठे क्षण याच गटांवर रचलेले असतात. पूर्ण घराच्या गटावरील परिणाम बऱ्याचदा मॉडेलच्या प्रत्यक्ष जागांवरून काढला जातो, म्हणून बारा मीटरच्या घरावरून जाणारी लाट तीन मीटरच्या गॅलरीवरूनही व्यवस्थित जाते. आपणही तसेच गट करावेत आणि गटासमोर गट जोडावेत. मात्र गटाची मांडणी कोणत्या शैलीची आहे, हे त्यांच्या लेआउटमध्ये पाहून आपल्याकडेही तीच निवडावी; त्यांच्याकडे प्रत्येक कमान हा एकेक उभा स्तंभ मानलेला असेल आणि आपल्याकडे गट साध्या जाळीचा असेल, तर तोच परिणाम ओळखू येणार नाही इतका बदलतो. तसेच अनुक्रमात गट वर आणि सुटी मॉडेल खाली ठेवावीत, कारण खाली असलेल्याचा परिणाम वरच्यावर चढतो. आयातीनंतर सुट्या वस्तूंवरचे सगळे काम नाहीसे झाल्यासारखे वाटले, तर बहुधा हा क्रमच उलटा झालेला असतो.

जे जोडता येत नाही ते सोडून द्यावे. त्यांच्या लेआउटमध्ये चाळीस वस्तू आणि आपल्याकडे पाच, तेव्हा बऱ्याच वस्तूंचे काम वाया जाणार हे उघड आहे, आणि ते कुठेतरी कोंबण्याचा मोह होतो. तो आवरावा. मंद कडव्यात फक्त तारा जळत आहे आणि बाकी गॅलरी काळोखात आहे, हे दृश्य रिकामे वाटत नाही. ध्रुपदाला सगळे घर उजळते तेव्हा त्याचा प्रभाव या काळोखामुळेच दुप्पट होतो.

जुळवणी झाली की ती मॅपिंगच्या फाइलमध्ये साठवून ठेवावी. त्याच विक्रेत्याचा पुढचा सीक्वेन्स बहुधा त्याच लेआउटवर असतो, आणि तेव्हा ही फाइल उघडली की बरेचसे काम आयते मिळते.

आयातीनंतरची दुरुस्ती

सर्वप्रथम आवाज आणि उजेड यांचा मेळ पाहावा. गाणे सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारख्याच अंतराने पुढे किंवा मागे असेल, तर सुरुवातीच्या शांततेतला फरक असतो, आणि सर्व परिणाम काही मिलिसेकंद सरकवण्याच्या आज्ञेने तो मिटतो. अंतर गाण्याबरोबर वाढत जात असेल किंवा एका कडव्यानंतर एकाएकी पडत असेल, तर गाण्याची आवृत्तीच वेगळी आहे. सरकवासरकव करण्यात वेळ न घालवता योग्य आवृत्ती शोधावी.

अक्षरे उमटवणारे परिणाम २५ पिक्सेल उंचीच्या आठ माळांवर वाचता येत नाहीत, ते काढून टाकावेत. हिमकणांची संख्या ठरावीक आकड्यात दिलेली असते, त्यामुळे मोठ्या झाडावर विरळ पडणारे हिम लहान झाडावर दाट गर्दी करते. आकडा कमी करावा. गाणाऱ्या चेहऱ्यांचा परिणाम चेहऱ्याची व्याख्या नसलेल्या मॉडेलवर काहीच दाखवत नाही. त्याऐवजी सीक्वेन्सबरोबर आलेला शब्दांचा टायमिंग ट्रॅक (कोणता शब्द केव्हा येतो याच्या खुणांची पट्टी) आयात करावा आणि प्रत्येक शब्दाला ताऱ्याची आतली रेघ उजळून विझेल असे साधे परिणाम त्यावर ठेवावेत. ओठांची हालचाल नसली तरी गाणारा कोण आहे हे पाहणाऱ्याला कळते.

पांढऱ्या रंगाकडे वेगळे लक्ष द्यावे लागते. मूळ शो बऱ्याचदा रस्त्यापासून बराच आत असलेल्या घरावर पाहिला जातो. आपल्याकडे समोरच्या इमारतीची गॅलरी हाकेच्या अंतरावर असते, आणि पूर्ण तेजाचा पांढरा झगमगाट तिथल्या घरात थेट शिरतो. प्रत्येक मॉडेलच्या डिमिंग कर्व्ह या तेज कमी-जास्त करण्याच्या सोयीतून तेज सुमारे ३० टक्क्यांवर आणावे. अंधारात तेवढे पुरते, रंगही अधिक गडद दिसतात. झपाट्याने उघडझाप करणारे स्ट्रोब परिणाम तर शक्यतो काढूनच टाकावेत. त्यांचा त्रास होणारी माणसे कोणत्याही गर्दीत असू शकतात.

वीज, कंट्रोलर आणि शेजार

तेज कमी करण्याचा विजेच्या हिशेबावरही मोठा परिणाम होतो. डब्ल्यूएस २८११ चिपचा सामान्य पिक्सेल पूर्ण पांढऱ्या प्रकाशात साधारण ६० मिलिअँपिअर घेतो. आपले ६४६ पिक्सेल एकदम पूर्ण पांढरे झाले तर जवळजवळ ३९ अँपिअर लागतील, म्हणजे १२ व्होल्टवर सुमारे ४६५ वॉट. ३० टक्क्यांवर हाच आकडा १४० वॉटच्या आसपास येतो आणि ३५० वॉटचा एक एसएमपीएस (घरातील वीज १२ व्होल्टवर आणणारे उपकरण) निवांत चालतो. पुण्यातील तपकीर गल्लीच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून एसएमपीएस आणला की जोडणीपूर्वी त्याच्या कडेचा लहान खटका पाहावा: पुष्कळ एसएमपीएसना ११५ आणि २३० व्होल्ट यांतून निवड करण्याची सोय असते, आणि तो ११५ वर राहिला तर आपल्या विजेवर लावताच जळतो. एसएमपीएस आणि कंट्रोलर यांचा ऋण टोकाचा जोड सामाईक हवा, नाहीतर पिक्सेल वेडेवाकडे लुकलुकतात. दोन एसएमपीएस वापरले तर त्यांचे धन टोक मात्र एकमेकांना कधीही जोडू नये. आर्थिंग असलेला सॉकेट आणि विजेची गळती होताच पुरवठा तोडणारी ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी यांबाबत तडजोड करू नये. पुण्यात डिसेंबरच्या पहाटे दव पडते, एखाद्या वर्षी अवकाळी पाऊसही येतो, त्यामुळे जोड उघडे न ठेवता श्रिंक ट्यूबने बंद करावेत आणि एसएमपीएस आडोशाला ठेवावा.

शो चालवण्यासाठी संगणक रोज अडकवून ठेवण्याची गरज नाही. रास्पबेरी पाय या लहानशा संगणकावर फाल्कन प्लेअर हे शो चालवणारे सॉफ्टवेअर बसवून त्यात एक्सलाइट्समधून एफएसईक्यू (तयार शोची) फाइल आणि गाणे पाठवले, की ठरलेल्या वेळी शो आपोआप सुरू होतो. पायमधून कंट्रोलरपर्यंत शक्यतो केबल टाकावी. प्रत्येक घरात राउटर असलेल्या सोसायटीत २.४ गिगाहर्ट्‌झचा वायफाय इतका गजबजलेला असतो की सेकंदाला ४० चित्रे त्यावरून वेळेवर पोहोचतील याचा भरवसा नाही. वीज अचानक गेली तर पायचे मेमरी कार्ड खराब होऊ शकते, म्हणून राउटरसाठी मिळणारा लहान यूपीएस पायला लावणे फायद्याचे ठरते. मात्र त्याचे व्होल्ट आणि अँपिअर पायला जुळणारे आहेत का, ते आधी तपासावे. पायमध्ये सहसा बॅटरीवर चालणारे घड्याळ नसते, त्यामुळे त्याला इंटरनेट मिळत नसेल तर वेळापत्रक चुकते. घड्याळाचा छोटा मॉड्यूल बसवावा आणि वेळक्षेत्र भारताचे आहे याची खात्री करावी.

अमेरिकेत प्रेक्षक गाडीत बसून एफएम रेडिओवर गाणे ऐकतात. आपल्याकडे असे प्रक्षेपण करायचे तर परवान्याचा प्रश्न येतो, आणि प्रेक्षकही पायी येऊन गेटपाशी उभे राहतात. म्हणून लहान स्पीकर गेटच्या दिशेने लावून आवाज बेताचा ठेवावा. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे, आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ध्वनिवर्धक बंद ठेवावा लागतो. सवलतीचा दिवस जाहीर झालेला असेल तरच त्याला अपवाद. सोसायटीच्या सचिवांना लेखी कळवून आणि समोरच्या घरांशी आधी बोलून संध्याकाळी साडेसात ते साडेनऊ एवढीच वेळ ठेवली, तर मुलांनाही येता येते आणि तक्रारीला जागा राहत नाही.

मराठी नाताळगीतासाठी

विक्रीला असलेले सीक्वेन्स जवळजवळ सगळे इंग्रजी गाण्यांवर असतात, आणि मराठी घरावरच्या शोमध्ये निदान एक तरी मराठी गीत असावे असे मला मनापासून वाटते. विकत घेतलेल्या सीक्वेन्समधील कारागिरी इथेही उपयोगी पडते. मराठी गीताचा नवा सीक्वेन्स उघडून गाणे चालवावे आणि प्रत्येक मात्रेला टी ही कळ दाबत टायमिंग ट्रॅक भरावा. ढोलक-पेटीच्या ध्वनिमुद्रणात ठेका आपोआप ओळखणारी साधने चुकतात, कानाने आणि बोटाने केलेले काम अधिक भरवशाचे असते. मग आयात केलेल्या सीक्वेन्समधून हव्या त्या भागातील परिणाम उचलावेत आणि ते वेळेप्रमाणे न चिकटवता सेलप्रमाणे (टायमिंग ट्रॅकच्या दोन खुणांमधील कप्प्याप्रमाणे) चिकटवण्याचा पर्याय निवडावा. त्यामुळे प्रत्येक परिणाम आपल्या मात्रेच्या खुणेवर जाऊन बसतो, मूळ गाण्याची लय कोणतीही असो.

केरव्यातल्या गीताला आठ मात्रा असतात, तेव्हा आठ कमानींचे काम कठड्याच्या आठ तुकड्यांवर जसेच्या तसे उतरते. गीत दादऱ्यात असेल तर मात्र सहा मात्रांत आठ तुकडे मावत नाहीत. त्यासाठी कठड्याच्या त्याच ९६ पिक्सेलचे १६-१६ चे सहा सबमॉडेल आणखी करावेत, त्यांवर पहिल्या सहा कमानींचेच परिणाम घ्यावेत, आणि पहिल्या व चौथ्या मात्रेच्या तुकड्याला इतरांहून उजळ रंग द्यावा, म्हणजे दादऱ्याचे तीन-तीनचे वजन कठड्यावरही दिसते.